पुराच्या बातमीतलं जनावर : चित्र पाहायचं की वाचायचं?



पावसाळा रंगात आला की आपल्या मोर्शीत एक बातमी ठरलेली असते : सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची दारं उघडली. धरणाचं दुसरं नाव नल-दमयंती सागर, आणि दारं एकूण १३. किती दारं उघडली, किती सेंटीमीटरने उघडली, नदीकाठच्या गावांना इशारा दिला का, हे सगळं त्या बातमीत असतं. ही झाली आकड्यांची बातमी. पण पूर मोठा असला की आकड्यांच्या शेजारी एक फोटो येतो, आणि बरेचदा त्या फोटोत माणूस नसतो. गळ्याइतक्या पाण्यात मान वर काढून उभी असलेली म्हैस असते, पत्र्यावर बसलेलं कुत्रं असतं, नाहीतर दुष्काळ असेल तर भेगाळलेल्या जमिनीवर बसलेला, बरगड्या दिसणारा बैल असतो.

आज आपण याच फोटोंबद्दल शिकणार आहोत. संकटाच्या बातमीत जनावराचं चित्र का वापरतात? ते आपल्याला काय सांगतं आणि काय लपवतं? आता तुम्ही म्हणाल, फोटो तर फोटो असतो, त्यात शिकायचं काय? थोडं थांबा. धड्यातला उतारा जसा आपण दोनदा वाचतो, तसा फोटोही दोनदा वाचावा लागतो. कारण फोटोच्या मागोमाग मदत जाते, भीती जाते आणि कधी कधी अफवाही जाते.

माणूस सोडून जनावर का?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण मर्यादेचं. संकटात माणसं मरतात, पण मेलेल्या माणसाचा चेहरा छापणं बरं दिसत नाही. त्याच्या घरच्यांचा विचार करावा लागतो. भारतीय वृत्तपत्र परिषदेची म्हणजे प्रेस कौन्सिलची पत्रकारांसाठी आचारसंहिता आहे. नैसर्गिक आपत्तीची माहिती नीट तपासून, संयमाने, भडकपणा आणि अतिशयोक्ती टाळून द्यावी, असं त्यात सांगितलं आहे. मग मृत्यू दाखवायचा तर कसा? मेलेली गाय दाखवली की मृत्यूही दिसतो आणि मर्यादाही राहते. शिवाय जनावराची परवानगी घ्यावी लागत नाही.

दुसरं कारण भाषेचं. आपल्याकडे गारपीट झाली आणि संत्र्याचा आंबिया बहार झडला, तर ते नुकसान किती मोठं आहे हे मोर्शी-वरुडच्या माणसाला झाडाखालचा सडा पाहूनच कळतं. मुंबईच्या वाचकाला तो सडा पाहून पोटात कालवत नाही. त्याला ती नुसती जमिनीवर पडलेली फळं दिसतात. पण थंडीने कुडकुडणारं वासरू मुंबईलाही समजतं आणि लंडनलाही समजतं. त्याला भाषांतर लागत नाही.

तिसरं कारण मोजमापाचं. पाणी किती चढलं हे नुसत्या पाण्याच्या फोटोवरून कळत नाही. त्यात म्हैस उभी असली आणि तिची फक्त शिंगं दिसत असली, की डोळा आपोआप माप घेतो. जनावर तिथं मापपट्टीचं काम करतं.

एक चित्र, चार कामं

मापपट्टीशिवाय जनावराची चित्रं आणखी चार कामं करतात. एकेक उदाहरण बघू.

१) थरार. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतून ४ लाखांहून जास्त लोकांना हलवावं लागलं. पलीकडे बेळगाव जिल्ह्यातही तीच गत होती. त्या दिवसांत रायबाग तालुक्यातल्या एका बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसलेली दिसली. तो व्हिडिओ देशभर गेला. बघणाऱ्याला वाटलं, पुराने कुठून तरी भयंकर प्राणी वाहून आणला. खरं म्हणजे कृष्णेच्या पात्रात मगरी पूर्वीपासून राहतात. त्या तिथल्याच रहिवासी आहेत. माणसाचं घर बुडालं तशी तिचीही बसायची जागा बुडाली, म्हणून ती उंच जागा शोधत छपरावर आली. व्हिडिओत मगर दिसली, पण ते घर कुणाचं आणि त्या घरातली माणसं कुठल्या छावणीत झोपली होती, हे काही दिसलं नाही.

त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलै २०१९ मध्ये, आसामातल्या काझीरंगात असंच घडलं. पुरातून सुटलेली एक वाघीण महामार्गाजवळच्या घरात शिरली आणि बिछान्यावर जाऊन झोपली. संध्याकाळी वनखात्याच्या लोकांनी तिला जंगलाकडे वाट करून दिली. ना तिला इजा झाली, ना कुणा माणसाला. फोटो गमतीचा वाटला. पण त्यामागची गोष्ट अशी की दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी चढलं की काझीरंगातले प्राणी कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात, आणि मध्ये महामार्ग आडवा येतो. त्या जंगलाला पूर हवाही असतो, पुराने तिथलं गवत आणि तळी ताजी होतात. अडचण वाटेची आहे. बिछान्यातल्या वाघिणीच्या फोटोत ती वाट येत नाही.

२) कणव. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले. भाजलेल्या कोआलाचे फोटो जगभर गेले आणि जगभरातून पैसे आले. नंतर शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. मेलेले आणि विस्थापित झालेले प्राणी मिळून अंदाज निघाला जवळपास ३०० कोटी. त्यात सस्तन प्राणी होते सुमारे १४ कोटी, पक्षी १८ कोटी, बेडूक ५ कोटी. आणि सरडे, साप यांसारखे सरपटणारे प्राणी? सुमारे २४६ कोटी! म्हणजे दहातले आठाहून जास्त प्राणी सरपटणारे होते. त्यांचे फोटो तुम्ही किती पाहिले? ज्याचे डोळे मोठे, अंगावर लव आणि चेहरा लेकरासारखा, त्याला कणव मिळते. सरड्याला मिळत नाही. यात कोआलाचा दोष नाही. आपल्या डोळ्यांचा हा कल आहे, तो ओळखून असावं.

३) आशा. ऑगस्ट २०२० मध्ये केरळात मुन्नारजवळच्या पेट्टीमुडीत डोंगर खचला. चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळी मातीखाली गेल्या आणि ७० जणांचा बळी गेला. काही दिवसांनी कुवी नावाच्या कुत्रीने ओढ्याच्या बाजूला जाऊन, भुंकून शोधपथकाला इशारा केला. तिच्याच घरातल्या दोन वर्षांच्या मुलीचा देह तिथं सापडला. पुढे केरळ पोलिसांच्या श्वानपथकाने कुवीला सांभाळायला घेतलं. ही गोष्ट ऐकून कुणाचंही मन भरून येईल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. कुवीचं नाव आपल्यापर्यंत पोचलं, पण दरडीखाली गेलेल्या मजुरांपैकी एकाचंही नाव पोचलं नाही. आशेचं चित्र संकटाची बातमी गोड करून संपवतं. डोंगरउतारावर मजुरांच्या चाळी का होत्या, हा प्रश्न मग मागे पडतो.

४) सावधगिरी. हे चौथं काम सर्वात कमी चमकदार, पण सर्वात उपयोगाचं. पूर आला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरड्या जागेकडे निघतात. सरपणाचा ढीग, भिंतीची फट, माळा, बुटाचा खोका, कुठंही बसतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप ओळखायला शिकवणारा फोटो, शेजारी सर्पमित्राचा आणि दवाखान्याचा नंबर, अशी बातमी जीव वाचवते. तीच जागा पाण्यात पोहणाऱ्या अजगराच्या व्हिडिओला दिली तर करमणूक होते, जीव वाचत नाही.

फोटोत दावं दिसत नाही

आता आपल्या ढोरांकडे येऊ. इथं तुम्ही शहरातल्या वाचकापेक्षा जास्त हुशार आहात, कारण कोठा म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, सीना नदीला मोठा पूर आला. टीव्हीवर मेलेल्या गायी-म्हशींची दृश्यं दिसली. खाली ओळ असते : ‘पुरात जनावरे दगावली’. वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. बैल आणि म्हैस ही पाण्याला घाबरणारी जनावरं नाहीत. मोकळी असली तर बरेचदा पोहत उंचावर जातात. कोठ्यातली जनावरं मरतात ती बहुतेक वेळा खुंट्याला बांधलेली असतात म्हणून. पाणी रात्री येतं, माणसं लेकरं घेऊन पळतात, दावं सोडायला वेळ मिळत नाही. म्हणूनच आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांमध्ये पुराचा धोका दिसताच जनावरं मोकळी करा असं स्पष्ट सांगितलेलं असतं.

बघा बरं, त्या फोटोखाली ‘बांधलेली होती म्हणून बुडाली, इशारा मिळताच दावं सोडा’ एवढी एकच ओळ जास्त असती, तर तो फोटो पुढच्या गावातली जनावरं वाचवू शकला असता. फोटोत मेलेली गाय मोठी दिसते, गळ्यातलं दावं दिसत नाही. बातमीचं खरं काम ते दावं दाखवणं आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. जनावर मेलं की कास्तकाराचं दूध जातं, नांगर थांबतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये असे दर होते. एरवी एका कुटुंबाला तीनच मोठ्या जनावरांची मदत मिळते. ती मर्यादा त्या वेळी काढली गेली. बाजारात चांगल्या बैलजोडीला काय पडतं ते घरी विचारा, म्हणजे फरक कळेल.

आणि ही मदत टीव्हीवरच्या फोटोने मिळत नाही. त्यासाठी पंचनामा लागतो. तलाठी येतात, पशुवैद्यकीय अधिकारी तपासणी करतात. जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला लागतो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात हा बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं तरी भरपाई मिळत नाही. म्हणजे एकाच मेलेल्या बैलाचे दोन फोटो असू शकतात. एकात आभाळ, पाणी आणि बैलाचे उघडे डोळे, हा फोटो वर्तमानपत्रात जातो. दुसऱ्यात बैलाचा कान आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर, हा फोटो फाइलमध्ये जातो. पहिला फोटो लाखो लोक पाहतात. कास्तकाराच्या उपयोगी पडतो दुसरा.

जुनी चित्रं, जोडलेली चित्रं, बनवलेली चित्रं

वर्तमानपत्रात कधी कधी फोटोखाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे हा फोटो आजचा नाही, जुन्या साठ्यातला आहे. निदान तिथं तसं सांगितलेलं तरी असतं. मोबाइलवर फिरताना ही बारीक ओळ पहिल्यांदा गळते. मग दुसऱ्या राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ ‘आपल्या नदीतला, आत्ताचा’ म्हणून गावभर होतो.

जोडलेल्या चित्राचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे रस्त्यावरचा शार्क. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी एक फोटो पसरला. पाणी भरलेल्या रस्त्यावर गाडीच्या शेजारून शार्क मासा पोहतोय! प्रत्यक्षात तो शार्क थॉमस पेशॅक या छायाचित्रकाराच्या जुन्या फोटोतून कापून घेतलेला होता. मूळ फोटोत तो समुद्रात एका छोट्या होडीमागे पोहत होता. हे सिद्ध झाल्यावरही तोच शार्क पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक वादळात नव्या शहराच्या रस्त्यावर पोहत राहिला. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या पुरातही तो आला.

आता गंमत ऐका. २०२२ मध्ये इयन वादळात अमेरिकेतल्या फोर्ट मायर्स शहरात घराच्या अंगणातल्या पाण्यात शार्कसारखा मासा दिसल्याचा व्हिडिओ आला. लोक म्हणाले, झालं, पुन्हा तोच खोटा शार्क. पण तपासल्यावर हा व्हिडिओ खरा निघाला. म्हणजे ‘असले फोटो खोटेच असतात’ असं म्हणून मोकळं होणं हेही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखंच आहे. दोन्हीत तपासणं राहूनच जातं.

तिसरा प्रकार नवा आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र. २०२४ मध्ये अमेरिकेत हेलेन वादळ आलं. त्यानंतर होडीत बसलेली, कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरून रडणारी मुलगी सगळीकडे दिसू लागली. तिथल्या काही पुढाऱ्यांनीही ते चित्र पुढे पाठवलं. ना ती मुलगी होती, ना ते पिल्लू. संगणकाने ते चित्र तयार केलं होतं. संगणकालाही ठाऊक आहे की पिल्लू घातलं की माणूस विरघळतो! नुकसान कुणाचं झालं? खरोखर बुडालेल्या घरातल्या मुलीचं. कारण एकदा फसलेला माणूस पुढच्या खऱ्या फोटोवरही शंका घेतो.

चित्र कायदाही बदलू शकतं

मग जनावरांची चित्रं दाखवूच नयेत का? तसं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. लोकांना बसने बाहेर काढताना कुत्रे-मांजरं सोबत घेऊ देत नव्हते. एका लहान मुलाच्या हातून त्याचा छोटा कुत्रा काढून घेतला. तो ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ म्हणून रडत राहिला, अशी बातमी एका वृत्तसंस्थेने दिली. त्या चार ओळींनी देश हलला. कितीतरी लोक जनावर सोडायचं नाही म्हणून बुडत्या घरात थांबले होते, हेही पुढे आलं. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथं कायदाच झाला : संकटात लोकांना हलवण्याच्या योजनेत घरातल्या पाळीव प्राण्यांचाही विचार केला पाहिजे.

या बातमीने नुसतं हळहळायला लावलं नाही. कुत्रा मुलापासून का सुटला आणि कुणाच्या नियमामुळे सुटला, हेही तिने सांगितलं. म्हणून नियम बदलता आला. आपल्या भाषेत सांगायचं तर, त्या बातमीत दावं दिसत होतं.

फोटो हातात आला की पाच प्रश्न

१) कुठला आहे? गावाचं, नदीचं, तालुक्याचं नाव दिलंय का? ‘पुराचं भयानक दृश्य’ हे ठिकाण नव्हे. झाडं, घरांची छपरं, दुकानाच्या पाटीची भाषा बघा.

२) कधीचा आहे? गुगल लेन्समध्ये फोटो टाकून आधी कुठं छापला गेलाय का ते शोधा. व्हिडिओ असेल तर त्यातलं एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट टाका.

३) जनावर कुणाचं? जंगलातलं, रस्त्यावरचं की कोठ्यातलं? कोठ्यातलं असेल तर त्याचा मालक बातमीत आहे का?

४) आधी काय झालं आणि नंतर काय झालं? ते तिथं कसं अडकलं, आणि फोटो काढल्यावर कुणी सोडवलं का?

५) हे पाहून मी काय करू शकतो? नुसतं ‘अरेरे’ म्हणायचं, की दावं सोडायचं, इशारा द्यायचा, मदत पाठवायची?

पाचपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर तो फोटो पुढे पाठवू नका. अप्पर वर्धाची दारं उघडलेली असताना चुकीचा व्हिडिओ पाठवणं म्हणजे नदीकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची रात्रीची झोप उडवणं. त्याहून वाईट म्हणजे, चार खोट्या इशाऱ्यांनंतर पाचवा खरा इशारा कुणी ऐकत नाही.

आणि फोटो तुम्हीच काढत असाल तर? पाण्यापासून लांब उभे राहून काढा. पुलावर थांबू नका. अडकलेलं जनावर दिसलं तर आधी मोठ्या माणसांना हाक मारा, मग मोबाइल काढा. फोटोसोबत गाव, तारीख, वेळ लिहा. तुमच्या त्या एका ओळीने फोटोला पुराव्याची किंमत येते.

चला, करून पाहूया

१) या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांतून संकटाच्या बातमीत आलेले जनावरांचे तीन फोटो कापून वहीत चिकटवा. प्रत्येकासमोर लिहा : मापपट्टी, थरार, कणव, आशा की सावधगिरी?

२) त्यातल्या एका फोटोखालची ओळ तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा. तुमच्या ओळीत ‘दावं’ दिसलं पाहिजे, म्हणजे असं का घडलं ते कळलं पाहिजे. शब्द २५ पेक्षा जास्त नकोत.

३) ३० जुलै १९९१ रोजी वरुडच्या पलीकडे, वर्धा नदीच्या काठावरच्या मोवाड गावात महापूर शिरला आणि २०४ माणसांचा जीव गेला. आपल्या भागातल्या आजी-आजोबांना तो काळ आठवतो. त्यांना विचारा : त्या पावसात आपल्या घरची ढोरं कुठं होती? कुणी सोडली? किती परत आली? ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून आणा. वर्गात वाचू.

४) घरी ढोरं असतील तर आज संध्याकाळी कोठ्यात जा. प्रत्येकाच्या कानात बिल्ला आहे का ते पाहा, नंबर वहीत उतरवून घ्या. आणि अंधारात, घाईत, एका हाताने दावं सुटतं का, तेही करून पाहा. सुटत नसेल तर गाठ बदलायला बाबांना सांगा.